सत्तरचे बहात्तर

सोमवार, ४ तारीख

टेबलाच्या त्या टोकाला बसणाऱ्या बाबांना या टोकाकडून नमस्कार.

हे पत्र तुमच्या चष्म्याच्या घरात ठेवतेय. सकाळी आपलं ताडपत्रीचं दुकान उघडलं की तुमचा आधी चष्मा, मग कात्री, मग बाकीचं जग. त्यामुळे वाचायचं नसलं तरी हाताला लागणारच. फाडायचं असेल तर खुशाल फाडा, पण आधी वाचा. जुनी ताडपत्रीसुद्धा तुम्ही उलटीपालटी करून बघितल्याशिवाय टाकत नाही, मी तर तुमची मुलगी आहे.

काल जेवताना मी विषय काढला तेव्हा वाटलं होतं, तुम्ही ओरडाल. ओरडला असतात तर मीही ओरडले असते आणि झोपेपर्यंत मिटून गेलं असतं. आपल्या घरात तेच चालतं. पण तुम्ही विचारलंत, "गणितात पास आहेस ना?" मी म्हटलं, "आहे." तुम्ही म्हणालात, "मग?" आणि त्यानंतर जे मूग गिळून बसलात ते आज दिवस मावळला तरी तसेच.

सकाळी मी तुमच्यासमोर उभी असताना तुम्ही आईला म्हणालात, "हिला सांग, निळा गठ्ठा खाली काढ." आईनं मशीन थांबवून मला सांगितलं. मी आईला म्हटलं, "त्यांना सांग, काढलाय." दुपारपर्यंत हेच चाललं होतं. शेवटी आई वैतागून म्हणाली, "मी काय तुमची टपालपेटी आहे का?" मला इतकं हसू आलं की सुई बोटात घुसली. तुमच्याही मिशा हलल्या होत्या. नाही म्हणू नका, मी बघितलंय.

तर तुमच्या त्या "मग?"चं उत्तर असं आहे.

शाळा सोडताना मला गणितात अडतीस पडले. काठावर का होईना, पास. त्या अडतीसवर कॉलेजात दोन वर्षांचा कोर्स मिळतो, पण तिथं मोठी शिलाई मशीन चालवायला शिकवतात. ते मला आईनं फुकटात शिकवलंय. मला हवाय तो चार वर्षांचा. ताणलेल्या कापडाची छपरं कशी आखायची, वाऱ्याचं काय करायचं, पाण्याला उतार कुठून द्यायचा, हे सगळं त्यात आहे. त्याला गणितात पन्नास लागतात.

शाळेत संध्याकाळी मोठ्या माणसांचा गणिताचा वर्ग भरतो. तो करून परीक्षेला पुन्हा बसता येतं. पण अर्जावर सही केली की जुने मार्क रद्द. नवे पडतील तेच खरे. नापास झाले तर दोन वर्षांचा कोर्सही गेला आणि चार वर्षांचाही. अर्ज वीस तारखेपर्यंत द्यायचाय. तोवर सही न करता वर्गात नुसतं बसायला परवानगी आहे.

म्हणजे मी काही ठरवलेलं नाही. विचार करतेय, एवढंच म्हटलं होतं.

आणि विचार का करतेय, तेही सांगते. बागेचा मॅनेजर गोल रंगमंचाच्या छताच्या नकाशाची गुंडाळी घेऊन आला होता, आठवतंय? तुम्ही आराखडा पसरलात, बराच वेळ बघितलात, पुन्हा गुंडाळलात आणि म्हणालात, "हे आमचं काम नाही." मी तुमच्या मागे उभी होते. त्यातली प्रत्येक पट्टी वेगळी होती, टोकाला निमुळती आणि मध्ये पोट असलेली. सपाट कापडातून ते फुगीर छप्पर कसं उठतं हे कळायला मला तो कागद आणखी थोडा वेळ हवा होता. मॅनेजर तो घेऊन गेला आणि मी त्याच्या स्कूटरमागे पळायची बाकी राहिले.

कुणीतरी ते बसून काढलंय, बाबा. मला ते काढणारी व्हायचंय.

तुमची,
या टोकाची


बुधवार, ६ तारीख

बाबा,

चष्म्याचं घर रिकामं होतं आणि कचऱ्याच्या डब्यात कागदाचा कपटा नव्हता. तपासला मी डबा. म्हणजे पत्र वाचलंत आणि ठेवलंतसुद्धा! आता मला कोण थांबवतंय.

काल वर्गात गेले. माझ्या शेजारी एक बस-ड्रायव्हर काका, पुढे दोन नर्स, मागे एक आजोबा. त्यांना कसलाच अर्ज करायचा नाही, ते म्हणे राहून गेलेलं काम पुरं करायला आलेत. गणिताच्या बाई उंचीला आपल्या मीटरपट्टीपेक्षा थोड्याच जास्त, पण आवाज असा की ड्रायव्हरकाका दचकून ताठ बसले.

बाईंनी कागदाचा शंकू केला, विदूषकाच्या टोपीसारखा. मग कात्रीनं बाजूनं कापला आणि टेबलावर उलगडून ठेवला. आणि काय निघालं असेल त्यातून? एक तुकडा काढलेली चकती! मी जागेवरून ओरडले, "अहो, हे तर आमचं खिळा-दोरी!"

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. बाई म्हणाल्या, "काय?" मग मी फळ्यापाशी गेले आणि सांगितलं. टोकदार छप्पर करायचं असलं की बाबा टेबलावर खिळा ठोकतात, त्याला तिरक्या बाजूएवढी दोरी बांधतात, दुसऱ्या टोकाला खडू धरतात आणि चकती फिरवतात. बाई म्हणाल्या, "आणि चकतीतून किती तुकडा काढायचा, हे कसं ठरवतात?"

मी म्हटलं, "वर्तमानपत्रं फाडून."

आता रागावू नका, खरं तेच सांगितलं. तुम्ही वर्तमानपत्राचा नमुना करता, गुंडाळून बघता, रुंद झाला की आणखी फाडता, निमुळता झाला की चडफडत दुसरं वर्तमानपत्र घेता. एकदा आईचं न वाचलेलं घेतलं होतंत, तेव्हा केवढं रामायण झालं होतं!

बाबा, ते फाडावं लागत नाही. छपराची अर्धी रुंदी घ्यायची आणि तिला तिरक्या बाजूनं भागायचं. बस! अर्धी रुंदी तीन असली आणि तिरकी बाजू पाच, तर चकतीचे पाच वाटे करायचे, तीन ठेवायचे, दोन काढायचे. दरवेळी, कुठल्याही छपराला. एका भागाकारात!

मी घरी येताना रस्त्यात एकटीच हसत होते. समोरच्या औषधवाल्यानं विचारलं, "काय गं, लॉटरी लागली का?" मी म्हटलं, "तसंच काहीतरी."

शाळेत हे कुणी का नाही सांगितलं? कदाचित सांगितलंही असेल. तेव्हा मला शंकू म्हणजे पुस्तकातलं चित्र वाटायचं, त्याच्या आत कापड आहे हे माहीत नव्हतं.

तुमची,
उड्या मारणारी


शनिवार, ९ तारीख

बाबा,

काल आईच्या हाती तुमचा निरोप मिळाला. आईनं तो शब्दाशब्दानं सांगितला, तुमचा खाकरण्याचा आवाजसुद्धा काढून दाखवला. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. आणि दुसऱ्यांदा कापलं की कापड लहानच होतं, मोठं होत नाही. तिला म्हणावं, एवढं तरी ती माझ्या हाताखाली शिकली असेल."

शिकलेय. चांगलीच शिकलेय. दुसऱ्यांदा कात्री लावायची वेळ आली की तुमचा चेहरा कसा होतो ते मी लहानपणापासून बघतेय. तुम्ही म्हणता ते कापडाबद्दल शंभर टक्के खरं आहे, म्हणूनच मला त्याचं उत्तर सुचत नाहीये आणि म्हणूनच माझी चिडचिड होतेय. तुम्ही काही फालतू बोलला असतात तर केव्हाच उडवून लावलं असतं.

मी आईला विचारलं, "खरंच एवढंच कारण आहे?" आई दोरा ओवत होती. म्हणाली, "तुझ्या बापाला विचार." मी म्हटलं, "ते बोलत नाहीत." तर म्हणते, "मग तू बोल. खाण तशी माती, दोघांनाही तोंड उघडायला मुहूर्त लागतो."

मला भीती वाटत नाही असं समजू नका. अडतीस तर अडतीस, पण माझे आहेत. ते गेले आणि हाती काहीच आलं नाही, तर मी तुमच्यासमोर याच टेबलाला जन्मभर उभी राहीन, आणि तुम्ही एका शब्दानं टोचून बोलणार नाही. तेच मला सहन होणार नाही.

पण मी काल वर्गात पुन्हा गेले. जाऊ नये असं ठरवून निघाले होते, पाय तिकडेच वळले.

एक विचारायचं होतं. माझ्या टोकावरचा मिणमिणता दिवा बदलून नवा कुणी लावला? आई म्हणते, तिनं नाही. शिडीवर चढायला तिचे गुडघे तयार नाहीत. मी बुधवारच्या पत्राच्या मागच्या बाजूला उदाहरणं सोडवली होती आणि खाली लिहिलं होतं की उजेड पुरत नाही. म्हणजे पत्र मागूनही वाचता तर!

उजेड छान पडतोय. त्या अनोळखी माणसाला आभार कळवा.

तुमची,
उजेडातली


मंगळवार, १२ तारीख

बाबा! बाबा! बाबा!

आईस्क्रीमवाल्याचं छप्पर बसलं! तुम्ही तिथंच होतात, तुम्हाला काय सांगायचं, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्याला गाडीवर टोकदार छप्पर हवं होतं, उलट्या कोनासारखं. अर्धी रुंदी नव्वद, तिरकी बाजू दीडशे. मी कागदावर भागाकार केला आणि माझी किंकाळी बाहेर पडायची राहिली. नव्वद आणि दीडशे म्हणजे तीन आणि पाचच की! पाचातले तीन वाटे ठेवायचे. तुम्ही सवयीनं वर्तमानपत्राकडे हात नेलात. मी आईला म्हटलं, "त्यांना सांग, पेपर वाचायला ठेवा." आणि सरळ कापडावर खडू टेकवला.

तुमचा हात तिथंच थांबला होता. तुम्ही मला अडवलं नाहीत. पांढरंशुभ्र नवं कापड आणि माझ्या हातात कात्री, तरी अडवलं नाहीत. मी शिवणीत जाणाऱ्या दोन सेंटिमीटरांची माया सोडली, कडेला दुमड ठेवली आणि कापलं. आईनं शिवलं. तुम्ही टेप घेऊन गाडीला एक फेरी मारलीत, मग दुसरी. मग टेप खिळ्याला अडकवलात आणि चहा प्यायला निघून गेलात. आईस्क्रीमवाला मला म्हणाला, "तुझ्या वडलांना आवडलं नाही वाटतं." मी म्हटलं, "काका, ते दोनदा मोजून गप्प बसले. आमच्याकडे यालाच टाळ्या म्हणतात."

दुपारी मात्र फजिती झाली. आईनं जाहीर केलं, "आजपासून मी बहिरी. निरोपबिरोप बंद." आणि नेमकी ट्रकची मोठी ताडपत्री पसरायची होती. ते काम बोलल्याशिवाय होतं का? एका टोकाला "ताण" म्हणायचं, दुसऱ्या टोकाला "सोड" म्हणायचं, तेव्हा कुठं कापड सरळ पडतं. आपण दोघं दोन टोकं धरून उभे, तोंडं बंद. तुम्ही "ताण" म्हणण्याऐवजी पाय आपटलात. मला वाटलं झुरळ आहे. मी सोडलं! सगळी ताडपत्री तुमच्या अंगावर. आतून तुम्ही काहीतरी म्हणालात, ते मी इथं लिहीत नाही.

आई बहिरी असूनही डोळे पुसत हसत होती.

उद्या वर्गात सरावाची परीक्षा आहे. फक्त क्षेत्रफळ आणि घनफळ. बाई म्हणाल्या, "ही द्या, म्हणजे वीस तारखेला सही करायची की नाही हे तुमचं तुम्हालाच कळेल." मला तर आताच कळल्यासारखं वाटतंय. तंबू, टाक्या, डबे, सगळं माझ्याच ओळखीचं!

तुमची,
हवेत असलेली


शुक्रवार, १५ तारीख

बाबा,

एकतीस.

शंभरापैकी. जुन्या अडतीसपेक्षाही कमी, आणि पासला पस्तीस लागतात. पेपर सोबत ठेवलाय. बाईंनी जागोजागी लिहिलंय, "पद्धत बरोबर, उत्तर चूक." शेवटी लिहिलंय, "आकडे नीट उतरवून घे." मी नीटच उतरवले होते. तंबूचं गणित तर मी सगळ्यात आधी सोडवलं, तेही चूक. ड्रायव्हरकाकांना बेचाळीस पडले. ते बिचारे स्वतःचा पेपर लपवत होते, मला वाईट वाटू नये म्हणून.

तुमचं खरं होतं. दुसऱ्यांदा कापलं की लहान होतं. अजून कापलं नाही तेच बरं. सोमवारी मी दोन वर्षांच्या कोर्सचा अर्ज आणते.

हे लिहिताना रडू येतंय. तोंडावर सांगितलं असतं तर तुम्हाला दिसलं असतं, म्हणून पत्र.

पेपर वाचून झाला की टाकून द्या. मला परत नको.

तुमची


सोमवार, १८ तारीख

प्रिय बाबा,

हो, आता आपण बोलतोय. तरी लिहितेय, कारण आज जे झालं ते कागदावर नसलं तर उद्या तुम्ही म्हणाल, असं काही झालंच नाही.

सकाळी मी मान खाली घालून पट्ट्या कापत होते. शनिवार-रविवार तुम्ही पेपरबद्दल चकार शब्द काढला नव्हता, म्हणजे आईकडेही नाही. मला वाटलं, टाकला असेल. आणि एकदम त्या टोकाकडून अशी आरोळी आली की रस्त्यावरचा माणूस वळून बघायला लागला.

"अगं ए! कागद शिवायचाय का तुला?"

आईचं मशीन थांबलं. माझी कात्री थांबली. तुम्ही पेपर हातात धरून टेबलाला वळसा घालून आलात. पेपरभर आपल्या निळ्या खडूचे गोल.

"हे बघ. गणितात काय दिलंय? सत्तर. तू काय धरलंस? बहात्तर. इथं तीस दिलेत, तू बत्तीस. इथं पंचेचाळीस, तू सत्तेचाळीस. सगळीकडे दोन-दोन जास्त. ही माया कुणासाठी सोडलीस? पाण्याच्या टाकीला शिवण असते का?"

मला खरंच दिसलं नव्हतं, बाबा. गिऱ्हाईकानं माप सांगितलं की हात आपोआप दोन वाढवून लिहितो. पाच वर्षांची होते तेव्हापासून तुम्ही बोटावर पट्टी मारून शिकवलंत, "सांगितलेल्या मापाचं कापड कधी बेतायचं नाही." कापडावर म्हणूनच छप्पर बसलं आणि कागदावर म्हणूनच सगळं चुकलं! बाईंना वाटलं मी आकडे चुकीचे उतरवते. मी आकडे आपल्या पद्धतीनं उतरवत होते.

मी हसायला लागले, आई हसायला लागली. तुम्ही मात्र गंभीर. खडू पुढे करून म्हणालात, "ते दोन काढ आणि पुन्हा कर." मी तिथंच टेबलावर, कापडाच्या कडेला, एकेक गणित केलं. तुम्ही प्रत्येक उत्तर बाईंनी पेपराला जोडलेल्या उत्तरांशी ताडून बघत होतात, चष्मा नाकाच्या टोकावर. बेरीज झाली सत्तावन्न.

तुम्ही ती बेरीज पुन्हा एकदा करून बघितलीत. मग तुमच्या लक्षात आलं की आपण बोलतोय. लगबगीनं आपल्या टोकाला गेलात आणि तिथून म्हणालात, "हिला सांग..."

आई म्हणाली, "स्वतः सांग."

तुम्ही घसा साफ केलात. "तो दोन वर्षांचा अर्ज आणू नकोस एवढ्यात."

एवढ्यात! बाबा, मी तो शब्द दिवसभर तोंडात घोळवतेय.

संध्याकाळी बाईंना पेपर दाखवला. त्या निळे गोल बघून इतक्या हसल्या की खुर्चीत बसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "हसले तरी मार्क एकतीसच गं. परीक्षेत तुझे बाबा गोल काढायला येणार नाहीत. आणि बीजगणित अजून सगळं बाकी आहे." खरंच आहे ते. पन्नास पडतीलच असं कुणी छातीठोक सांगत नाहीये, मीसुद्धा नाही. पण आता मला माहितेय की मी ढ नाही. मी शिंपीण आहे, एवढंच.

परवा वीस तारीख.

तुमची,
दोन वजा करणारी


बुधवार, २० तारीख

प्रिय बाबा,

काल दिवसभर तुम्ही मला छळलंत. मी डबा उघडला की, "ऐंशी!" पाणी प्यायला उठले की, "एकशे दहा!" आणि मी पाटीवर लिहायचं, जसंच्या तसं. एकदा माझा खडू ऐंशीचा ब्याऐंशी करायला निघाला तर तुम्ही मीटरपट्टी टेबलावर अशी आपटलीत की आईचा दोरा तुटला. आणि पाच मिनिटांनी खऱ्या गिऱ्हाईकाचं माप लिहिताना मी दोन वाढवायला विसरले, तेव्हाही आपटलीत. आता मला दोन डोकी लागणार, एक कापडाचं आणि एक कागदाचं. होईल, सवय होईल.

पण मला आजचं लिहायचंय.

अर्ज द्यायला परीक्षेच्या ऑफिसात मी एकटीच जाणार होते. चप्पल घालताना बघितलं तर तुम्ही दुकानाला कुलूप लावत होतात. भर दुपारी. आई म्हणाली, "सूर्य कुठं उगवला आज?" तुम्ही म्हणालात, "ऑफिसात सही कुठं करायची ते हिला कळायचं नाही." एकवीस वर्षांची आहे मी, बाबा!

बसमध्ये तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. तसंच बघत म्हणालात, "टेबल मोठं आहे. एकट्याला कापड ताणता येत नाही."

तेव्हा मला कळलं. आईला हे पहिल्यापासून माहीत होतं. तुम्हाला मार्कांची काळजी होतीच, पण त्याच्याही आधी ही काळजी होती. चार वर्षं ते टोक रिकामं. मी म्हटलं, "सुट्टीत येईन ना." तुम्ही म्हणालात, "गिऱ्हाईक सुट्टी बघून येत नाही." मग तिकिटं खिशात ठेवत, "तुझ्या आईला शिकवीन ताणायला. ओरडेल, पण शिकेल." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात. बस वळली तरी काढला नाहीत.

मला कधीपासून म्हणायचं होतं, ते बसमध्ये जमलं नाही. मला तुमच्यापासून लांब जायचं नाहीये. तुम्ही गुंडाळून परत दिलेला कागद मला उलगडून आपल्या टेबलावर आणायचाय.

ऑफिसातल्या खिडकीमागच्या कारकून बाई फार भल्या होत्या. अर्ज माझ्याकडे सरकवताना म्हणाल्या, "एकदा सही झाली की जुने अडतीस गेले बरं का. परत मागायला येऊ नका. हातातलं पास घालवताय, नीट विचार केलाय ना?"

तुमचेच शब्द! पेन माझ्या हातात तसंच राहिलं. मी तुमच्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, आता तुम्ही म्हणाल, बघ, त्याही तेच सांगतायत. आणि खरं सांगते, म्हणाला असतात तर मी पेन खाली ठेवलं असतं.

तुम्ही खिडकीशी वाकलात आणि त्यांना म्हणालात, "बाई, हिनं अजून काही कापलेलंच नाही. ते अडतीस म्हणजे खडूच्या खुणा होत्या. खुणा चुकल्या की झटकायच्या आणि परत आखायच्या. कापड सगळं शाबूत आहे."

त्या बाईंना काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, "कसलं कापड?"

तुम्ही माझ्याकडे वळलात, जिथं सही करायची तिथं बोट टेकवलंत आणि म्हणालात, "कर."

मी केली. सही जरा वाकडी आलीय. परत येताना मी सगळा रस्ता बडबडत होते आणि तुम्ही हं हं करत होतात, पण ते हं हं किती गोड लागत होतं म्हणून सांगू!

आता वर्गाची वेळ झालीय. आज बीजगणित सुरू होतंय. हे पत्र नेहमीच्या ठिकाणी, चष्म्याच्या घरात ठेवतेय. आईला कापडाचं दुसरं टोक धरायला बोलावलंय तुम्ही, मला आतून ऐकू येतंय. पाय आपटू नका, ती झुरळाला घाबरते. "ताण" म्हणायचं, मोठ्यानं.

तुमची,
अजून न कापलेली